बनाना स्लग कसा शोधावा आणि सापडल्यावर काय पाहावं

कॅलिफोर्नियातल्या रेडवूड या उंच झाडांच्या जंगलात जाऊनही बनाना स्लग दिसला नाही म्हणणारे बहुतेक जण सकाळी साडेअकराला पोचलेले असतात. ऊन आलेल्या रुंद वाटेने चालतात आणि मान वर करून झाडांचे शेंडे बघतात. वेळ, वाट आणि नजर, तिन्ही चुकलं. हा प्राणी काही दुर्मीळ नाही. स्लग शोधायला जाऊ नका, ओल शोधायला जा. ओल कुठे टिकलीय ते कळलं की तो बहुतेक वेळा तिथेच असतो.

बनाना स्लग म्हणजे शंख नसलेली मोठी गोगलगाय, आपल्याकडच्या कृषी पत्रकांतल्या भाषेत शेंबी. शास्त्रीय वंश अ‍ॅरिओलिमॅक्स. आग्नेय अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत पॅसिफिक किनाऱ्याला धरून जी ओली जंगलं आहेत, तिथला हा रहिवासी. लांबी २५ सेंटिमीटरपर्यंत, वजन शंभर ग्रॅमच्याही वर जाऊ शकतं. जमिनीवरच्या स्लगांमध्ये याच्याहून मोठी जात युरोपात आहे, म्हणजे आकारात याचा नंबर दुसरा. सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८६ साली विद्यार्थ्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून याला आपलं अधिकृत बोधचिन्ह केलं. कुलपतींना खरं तर समुद्रसिंह हवा होता. २०२४ मध्ये राज्य सरकारनेही कायदा करून याला कॅलिफोर्नियाचा अधिकृत स्लग ठरवलं.

कधी जायचं

शंख नाही म्हणजे अंगातलं पाणी राखायला काही आडोसा नाही. त्यात हा प्राणी फुप्फुसाबरोबर कातडीतूनही श्वास घेतो आणि त्यासाठी कातडी सतत ओली लागते. म्हणून हवा कोरडी झाली की तो पालापाचोळ्यात किंवा ओंडक्याखाली शिरतो, अंगाभोवती चिकट द्रवाचं आवरण करतो आणि ओल परत येईपर्यंत निपचित पडून राहतो. अशा काळात तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेलात तरी तो दिसणार नाही.

कॅलिफोर्नियात पावसाचे महिने साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिल. सगळ्यात चांगला मुहूर्त म्हणजे पाऊस होऊन गेल्यावरची ढगाळ सकाळ, उजाडल्यापासूनचे पहिले दोन-तीन तास. रिमझिम चालू असेल तर दुपारही चालते. थंडी आहे, पण वारा सुटलाय, असा दिवस मात्र सोडून द्या. वाऱ्याने वरचा पाला तासाभरात सुकतो आणि स्लग खाली जातात.

अडचण अशी की भारतातून आई-बाबा येतात ते एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंत, आणि नेमका तोच इथला कोरडा काळ. तेव्हा पाऊस नसतो, पण समुद्रावरून धुकं येतं. रेडवूडच्या पानांवर ते धुकं साचतं आणि थेंबाथेंबाने खाली गळतं. उन्हाळ्यात स्लग पाहायचा तर समुद्राकडे तोंड केलेल्या उताराची, खोल दरीतली, ओढ्याकाठची जागा निवडा आणि सात वाजता तिथे पोचा. सॅन होजेकडच्या पूर्वेच्या कोरड्या टेकड्यांवर जुलैत शोधण्यात अर्थ नाही.

कुठे जायचं

हाफ मून बे जवळचं पुरिसिमा क्रीक रेडवूड्स हे बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, जायला सोपं. तिथे खालच्या बाजूने, हिगिन्स कॅन्यन रोडवरून आत शिरा. वाट ओढ्याला लागून जाते आणि सुरुवातीचा भाग बराच सपाट आहे. वरच्या स्कायलाइन रस्त्यावरच्या दाराने गेलात तर आधी मोठा उतार उतरावा लागतो, तोच परत चढावाही लागतो. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर फेल्टनचं हेन्री कॉवेल बरं. तिथली जुन्या रेडवूडची फेरी मैलभराहून कमी आहे, सपाट आहे आणि चाकाची खुर्चीही जाते. ब्युटानो, पोर्टोला, मेमोरियल पार्क, निसीन मार्क्स या जागाही चांगल्या. म्युअर वूड्सला पार्किंगचं आरक्षण आधी करावं लागतं, ते विसरून गेलात तर दारातून परत याल. बिग बेसिनचं जंगल ऑगस्ट २०२० च्या वणव्यात फार जळलं. झाडं पुन्हा फुटताहेत, पण डोक्यावरची सावली पूर्वीसारखी नाही, त्यामुळे फक्त स्लगसाठी तिकडे जाऊ नका. सिएटलकडच्या मंडळींना ऑलिंपिक नॅशनल पार्कमधलं होह वर्षावन आहे. तिथे ओल शोधावी लागत नाही.

नजर कशी लावायची

वाटेच्या मधोमध बघू नका. वाटेच्या दोन्ही कडांचा दोन-दोन फुटांचा पट्टा बघत चला, आणि नेहमीच्या चालीच्या निम्म्याने. नुसत्या रेडवूडच्या काटक्यांनी भरलेली तपकिरी जमीन बहुधा रिकामी असते. जिथे उंच फर्न, तीन पानांचं रेडवूड सॉरेल आणि बे लॉरेलची झाडं एकत्र आहेत, पडलेले कुजके ओंडके आहेत, अळंबी उगवलीय, तिथे थांबा. ओंडक्याची वरची बाजू पाहून झाली की खालच्या कडेची सावलीतली बाजू बघा. उभ्या खोडांवरही बघा, डोक्याच्या उंचीपर्यंत. हे चांगले चढतात.

सगळ्यात जास्त फसवतात ती बे लॉरेलची गळलेली पानं. ती पिवळी होतात, लांबट असतात, ओली असली की चकाकतात आणि लांबीलाही साधारण मध्यम स्लगएवढी. पहिल्या दिवशी दहा वेळा तरी पानापाशी वाकावं लागेल. फरक ओळखायची खूण रंगात नाही, कडेत आहे. पान चपटं असतं, त्याची सावली पातळ पडते. स्लगची बाजू गोलाईदार असते आणि ती जमिनीला टेकते तिथे झालरीसारखी कड दिसते.

रंगावर तर अजिबात विसंबू नका. नावात केळं असलं तरी सगळे पिवळे नसतात. हिरवट, तपकिरी, मातकट असतात, क्वचित पांढरेही सापडतात. उत्तरेकडच्या जातीवर पिकल्या केळ्यासारखे काळे डाग असतात, कधी इतके की अख्खा प्राणी काळा वाटावा. शिवाय एकाच स्लगचा रंग खाणं, ओल, उजेड आणि तब्येत यांनुसार बदलतो.

स्लग नाही पण खुणा दिसतात, असंही होतं. वाळलेला चंदेरी माग उजेडाकडे तिरका बघितला की चमकतो. अळंबीच्या टोपीवर उथळ खरवडल्यासारखे खड्डे असतील तर ते याचंच काम असण्याची शक्यता मोठी. दात लावून तोडलेला घास वेगळा दिसतो, कारण त्याची कड स्वच्छ असते. स्लगच्या तोंडात रॅड्युला नावाची पट्टी असते, तिच्यावर हजारो बारीक दात, आणि तो अन्न किसत जातो. अळंबी, पानं, कुजका पाला, जनावरांची विष्ठा, बिया असं सगळं चालतं. अगदी पॉइझन ओकसुद्धा, ज्याला हात लावला की आपल्या अंगाला आठवडाभर खाज सुटते. खुणा ताज्या असतील तर तिथूनच तीन-चार फुटांच्या वर्तुळात शोधा.

ओंडके उलटू नका. उद्यानात त्याची परवानगी नसते, आणि खालची ओल एकदा उघडी पडली की तिथल्या सगळ्या जिवांना त्रास होतो.

सापडल्यावर

इथे बहुतेक जण चूक करतात: फोटो काढतात आणि पुढे जातात. खरं तर बघण्यासारखं सगळं पुढच्या वीस मिनिटांत आहे. स्लगपासून दोन फुटांवर, त्याच्या उजव्या बाजूला बसा. उजव्याच बाजूला का ते लगेच कळेल. बसण्याआधी जमीन तपासा, दुसरा स्लग नाही ना आणि पॉइझन ओक नाही ना.

तुमची सावली पडली की तो आधी आकसेल. आकसलेला स्लग लांबीने निम्मा होतो आणि शिंगं आत ओढतो, नुसती ओढत नाही तर मोज्याचं बोट उलटं करावं तशी आत उलटवतो. हलू नका. थोड्या वेळात वरची मोठी जोडी बाहेर येईल. टोकाला काळे ठिपके दिसतात ते डोळे. त्यांना चित्र नीट दिसत नाही, उजेड-अंधार कळतो. दोन्ही शिंगं वेगवेगळ्या दिशांना फिरताना दिसतील. खालची आखूड जोडी जमिनीला जवळजवळ टेकत चालते, ती वास आणि चवीसाठी. शिंग तुटलं तर ते परत उगवतं.

डोक्यामागे पाठीवर एक गुळगुळीत, बाकी अंगापेक्षा वेगळा भाग दिसेल. हे प्रावरण. शंखाचा जो काही अवशेष उरलाय, तो चपट्या तुकड्याच्या रूपात याच्याच आत असतो. आता प्रावरणाच्या उजव्या कडेकडे लक्ष ठेवा. तिथे एक भोक उघडेल, काही क्षण उघडं राहील आणि पुन्हा असं मिटेल की होतं कुठे ते सांगता येणार नाही. हे श्वासरंध्र, याच्यातून हवा फुप्फुसात जाते. कधीकधी ते बराच वेळ मिटलेलं राहतं, त्यामुळे घाई करू नका. गुदद्वारही याच्याजवळच असतं. मुलं बरोबर असतील आणि स्लगने त्याच वेळी विष्ठा टाकली तर पुढचा आठवडा घरात दुसरा विषय नसेल.

शेपटीच्या टोकाला पानांचे कण अडकलेला चिकट गोळा बऱ्याचदा दिसतो. पाठीवरचा द्रव मागे सरकत जातो आणि पाठीवर पडलेला कचरा घेऊन तिथे जमतो. उंचावरून खाली यायचं असेल तर याच द्रवाचा दोर करून स्लग लटकत उतरतो.

चाल वरून पाहून समजत नाही, कारण सगळं खाली घडतं. सांता क्रूझच्या डोंगरात राहणाऱ्यांच्या अंगणात स्लग येतात, त्यांना एक प्रयोग करता येईल. ए-फोर आकाराची पारदर्शक प्लास्टिकची कडक पट्टी साध्या पाण्याने ओली करा आणि स्लगच्या वाटेत त्याच्या पुढे आडवी ठेवा. त्याला उचलून ठेवू नका, स्वतःहून चढू द्या. पूर्ण चढला की पट्टी दोन्ही हातांनी आडवी उचलून खालून बघा. तळव्यावर गडद आडवे पट्टे शेपटीकडून डोक्याकडे सरकत जाताना दिसतात. ते स्नायूंच्या लाटा आहेत. दोन-तीन मिनिटांत पट्टी होती तिथेच परत ठेवा.

जीवशास्त्रज्ञ मार्क डेनी यांनी १९८० साली याच प्राण्यावर काम करून ही चाल उलगडली. तळव्याचा जो भाग स्थिर असतो, त्याच्याखाली द्रव घट्ट राहतो आणि पकड देतो. लाट जिथे पोचते तिथे ताण वाढून तोच द्रव पातळ होतो, आणि लाट पुढे गेली की पुन्हा घट्ट. एकाच पदार्थाने चिकटायचं आणि सरकायचंही. याची किंमत मात्र जबर आहे. तेवढ्याच वजनाच्या धावणाऱ्या प्राण्याच्या तुलनेत या चालीला कितीतरी पट ऊर्जा लागते, आणि तिचा मोठा वाटा हा द्रव तयार करण्यात जातो. तेव्हा गंमत म्हणून काडीने टोचून स्लगला फेस आणायला लावणं म्हणजे त्याची कमाई वाया घालवणं.

दोन स्लग एकमेकांभोवती गोल फिरताना, एकमेकांना चावताना दिसले तर भांडण समजून सोडवायला जाऊ नका. हे मीलनाआधीचं वर्तन. प्रत्येक स्लग नरही असतो आणि मादीही. जननछिद्र डोक्याच्या उजव्या बाजूला असल्याने दोघं उजवीला उजवी लावून जुळतात, आणि ते तासन् तास चालू शकतं. सॅन मातेओ आणि सांता क्रूझकडच्या जातींत कधीकधी शेवटी एक जण दुसऱ्याचं किंवा स्वतःचं लिंग चावून तोडतो. ते परत उगवत नाही, मादीचं काम मात्र त्यानंतरही चालू राहतं. असं का घडतं यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, पण मध्ये पडून ओढाताण केली तर इजा नक्की, हे स्पष्ट आहे. अंडी अर्धपारदर्शक पांढरी, घोसाने, ओंडक्याच्या पोकळीत किंवा पाल्याखाली असतात. घालणारा तिथे थांबत नाही. दिसली तर फोटो काढा आणि पाला जसा होता तसा ठेवा.

हात लावायचा का?

नको. तळहातावर घाम असतो, सनस्क्रीन असतं, सॅनिटायझर असतो, आणि या कातडीतून हे सगळं आत जातं. काही कारणाने उचलावंच लागलं, उदाहरणार्थ सायकलींच्या वाटेवर मधोमध बसलाय, तर एखादं मोठं पान त्याच्या पुढ्यात सरकवा आणि पानासकट हलवा. ज्या दिशेला जात होता त्याच कडेला ठेवा, नाहीतर तो परत वाट ओलांडायला निघेल.

बनाना स्लगचं चुंबन घ्यायची किंवा त्याला चाटायची एक टूम कॅलिफोर्नियातल्या शाळा-कॉलेजांत आहे. जीभ बधिर होते, ही गोष्ट खरी. द्रवातला हा गुण शत्रूसाठी आहे. रॅकून तर स्लगला आधी मातीत लोळवून द्रव पुसतो आणि मग खातो. पण गोगलगायींतून परजीवी जंत माणसात जाऊ शकतात, म्हणून मुलांना हा खेळ खेळू देऊ नका.

हाताला द्रव लागलाच तर लगेच नळाखाली हात धरू नका. शरीरातून तो कोरड्या सूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतो आणि पाणी मिळालं की कितीतरी पट फुगतो. पाणी घातलं की बुळबुळ वाढतेच. आधी कोरड्या टिश्यूने पुसा, मग बोटं एकमेकांवर घासत राहा, म्हणजे त्याच्या गोळ्या वळून निघतात. उरलेल्यासाठी साबण आणि कोमट पाणी. कपड्यावर लागलं तर वाळू द्या आणि मग खरवडा. कुत्र्याने तोंड घातलं तर तो लाळ गाळत बसेल, त्याचं तोंडही कोरड्या फडक्याने पुसायचं.

त्याच ओल्या जागी तपकिरी पाठीचे, केशरी पोटाचे न्यूट फिरत असतात. ते पालीसारखे दिसतात, मंद चालतात, मुलांना उचलावेसे वाटतात. त्यांच्या कातडीत जबर विष असतं. स्लगच्या बाबतीत हात लावू नका ही विनंती आहे, न्यूटच्या बाबतीत ताकीद.

अंगणात आला तर

कोकणात गोगलगाय दिसली की मिठाची मूठ पुढे होते. मीठ कातडीतलं पाणी ओढून घेतं आणि प्राणी तडफडून मरतो. इथे ते करू नका. कॅलिफोर्नियाच्या बागेत कोथिंबीर, मेथी, टोमॅटोची रोपं रातोरात फस्त होतात ती बहुधा युरोपातून आलेल्या बारक्या करड्या स्लगमुळे आणि तपकिरी शंखीमुळे. बनाना स्लग मुख्यतः जंगलातला पाला आणि अळंबी खाणारा. दुकानात मिळणाऱ्या स्लगच्या गोळ्या मात्र निवड करत नाहीत, याला पण मारतात. त्यातल्या काहींत असलेलं मेटाल्डिहाइड कुत्र्यांनाही घातक आहे. रोपं वाचवायची तर रात्री टॉर्च घेऊन करडे स्लग आणि शंखी हाताने वेचा आणि कुंड्यांना तांब्याची पट्टी लावा.

फोटो आणि नोंद

जंगलात उजेड कमी असतो, आणि फ्लॅश मारला की ओल्या कातडीवर पांढरे डाग येतात. फोन स्लगच्या पातळीवर आणा, कोपर जमिनीला टेकवा आणि एक्सपोजर थोडं कमी करा, नाहीतर पिवळा रंग फाटतो. चार फोटो पुरतात: वरून पूर्ण, उजवी बाजू श्वासरंध्रासह, डोकं, आणि आसपासची जागा. लांबी मोजायची तर तो पूर्ण ताणून चालत असताना पट्टी शेजारी धरा. आकसलेल्याची लांबी नोंदवण्यात अर्थ नाही.

आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकण्याआधी दोन परदेशी पाहुणे वगळून घ्या. अंगावर ठिपके आणि लांब पट्टे, आणि प्रावरणावर बोटाच्या ठशासारख्या वळ्या असतील तर तो युरोपचा लेपर्ड स्लग. अंगभर जाड लांबट उंचवटे, छेडल्यावर अर्धगोल गोळा करून डुलतो, असा असेल तर तो एरिऑन, तोही तिकडचाच.

वंश पटला तरी जातीचं नाव लिहायची घाई करू नका. बनाना स्लगच्या जाती बाहेरून दिसायला इतक्या जवळच्या आहेत की अभ्यासक जननेंद्रियांची अंतर्गत रचना किंवा डीएनए तपासून त्या वेगळ्या करतात. फोटोपेक्षा ठिकाण जास्त उपयोगी पडतं. सांता क्रूझकडे पिवळाधमक, बिनडागाचा असेल तर बहुधा डोलिकोफॅलस, सॅन मातेओच्या डोंगरात कॅलिफोर्निकस, उत्तरेला डागवाला कोलंबियानस. म्हणून फोनचं लोकेशन चालू ठेवा, आणि जातीच्या रकान्यात खात्री नसेल तर नुसतं अ‍ॅरिओलिमॅक्स लिहून सोडा.